गोधडीतलं शॉर्टसर्किट

तुम्ही काय करता, असं कोणी विचारलं की मी सांगते, शिवणकाम. कसलं शिवणकाम, असं पुढं विचारलं तर सांगते, गोधड्यांचं वायरिंग. इथं बहुतेक लोक पीकपाण्याचं बोलायला लागतात. जे थांबतात त्यांना वाटतं मी थंडीत गरम होणारी गोधडी बनवते, आणि ते आपल्या म्हाताऱ्यांसाठी एक सांगून ठेवतात. तसली गोधडी मी बनवत नाही. माझ्या गोधड्या अंगावर घ्यायच्या नसतात, भिंतीला टांगायच्या असतात, आणि हात लावला की त्या बोलतात. त्यांना कला म्हणतात. मी म्हणत नाही, पण पार्सलवर तसं लिहिते, म्हणजे हमाल जरा जपून उचलतात.

भोकरदनला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. पाटीवर अजून ‘लेडीज टेलर, पिको, फॉल’ एवढंच आहे. बावीस वर्षं मी ब्लाउज शिवले. त्या बावीस वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ब्लाउज एक तर घट्ट होतो, नाही तर सैल होतो, आणि दोन्ही वेळा चूक शिवणारीची असते, गिऱ्हाइकाच्या वजनाची कधीच नसते.

मग एका उन्हाळ्यात पुण्याहून रेवा आली. तिशीची मुलगी, केस एकाच बाजूनं कापलेले, न्हावी अर्ध्यातून उठून गेल्यासारखे. आमच्या भागातल्या गोधड्या बघत ती गावोगाव फिरत होती आणि कोणीतरी तिला माझ्याकडं पाठवलं होतं. तिनं पिशवीतून करड्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि म्हणाली, “ताई, या दोऱ्यानं गोधडी शिवून हवी आहे. फक्त एका रांगेतला दोरा दुसऱ्या रांगेतल्या दोऱ्याला कुठंही लागता कामा नये.”

“लागला तर?”

“तर गोधडी गोंधळेल.”

मी बावीस वर्षं गिऱ्हाइकांचं ऐकून घेतलेलं आहे. हो म्हणाले.

बाहेरच्या वाचकांसाठी हा धंदा थोडक्यात सांगते. गोधडी म्हणजे जुन्या कपड्यांचे थर. खाली एक धड लुगडं, मध्ये घरातलं जे जीर्ण असेल ते, त्याला आम्ही भर म्हणतो, आणि वर ठिगळं. मग कडेपासून आत, बोटाबोटाच्या अंतरानं, सगळ्या थरांतून आरपार धावदोरा. थर जागचे हलू नयेत, एवढाच त्या टाक्यांचा उद्देश. शहरातले लोक त्यात लाटा बघतात, नांगरलेली शेतं बघतात, एका बाईंनी तर ध्यानधारणा बघितली. आम्ही ध्यान करत नाही. सुई बोटात जाईल म्हणून खाली बघत असतो.

आता रेवाचा दोरा. त्यात पोलादाचे केसाहून बारीक तंतू असतात. त्यातून वीज जाते, पण इतकी थोडी की डासालाही कळणार नाही. प्रत्येक ठिगळाखालून असा एक दोरा निघतो आणि कडेला पत्त्याएवढ्या एका सर्किटच्या पाटीला जाऊन मिळतो. त्या पाटीत आवाज भरलेले असतात. तुम्ही ठिगळाला हात लावला की पाटीला कळतं कुठलं ठिगळ, आणि ती त्या ठिगळाचा आवाज लावते. एवढंच आहे. घराच्या बेलमध्ये आणि या कलेत फरक इतकाच, की बेल वाजवली तर कोणीतरी दार उघडतं.

दोरा तपासायला मीटर लागतं. ते मला शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या रईसभाईंनी शिकवलं. ते मला बाजी म्हणतात, म्हणजे ताई. हातभर तारा असलेली पिवळी डबी. दोऱ्याच्या एका टोकाला एक तार लावायची, दुसऱ्या टोकाला दुसरी. “बाजी, शिट्टी बजी तो रस्ता है,” रईसभाई म्हणाले, “नइ बजी तो नइ.” इतकं साफ मला शाळेत कोणी काही शिकवलं नव्हतं.

कामाला तिघी होत्या. चंद्रकला गल्लीतलीच, सिंधू तिच्या शेजारची, आणि शेवंताबाई धावड्याहून जीपनं यायची. शेवंताबाईचं वय विचारलं तर ती “दुष्काळात जल्मले” असं सांगते, आणि आमच्याकडं हे सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. तिचं माहेर मेंढरं राखणारं. वर्षातले आठ महिने बिऱ्हाड घोड्यावर. तिच्यासारखा टाका मी दुसरा पाहिला नाही. पट्टी लावून मोजा, तांदळाएवढा म्हणजे तांदळाएवढा. ती मला ‘मंदा’ म्हणते आणि रागावली की ‘मंदे’. मी तिला मावशी म्हणते.

सुईत ओवताना दोऱ्याचं टोक ओठात धरायची तिची सवय. पहिल्याच दिवशी तोंड वाकडं करून म्हणाली, “मंदे, ह्याला खिळ्याची चव हाय.” मग रेवाकडं वळून तिनं चौकशी सुरू केली.

“हिला चार्जिंगला लावावं लागतं का?”

“हो, आजी. सहा तासांनी.”

“पांघरायची?”

“नाही.”

“धुवायची?”

“बिलकूल नाही.”

“मंग ती गोधडी कशाची. ते तर जावई झालं.”

रेवानं हे वहीत लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घ्यायची.

पहिल्या दोन-तीन लहान गोधड्या बऱ्या गेल्या आणि माझं नाव कुठं कुठं पोचलं. मग तऱ्हेवाईक लोक यायला लागले. एक कलाकार आले, त्यांना श्वास घेणारी गोधडी हवी होती. आत दोन लहान पंखे बसवले. श्वास घ्यायची, पण घोरायचीही. ते म्हणाले, घोरणं नको. मी म्हटलं, गोधडीत घोरणं नाही तर काय करणार. दुसऱ्या एका बाईंना जिल्ह्यातल्या कोरड्या दिवसांचा हिशेब तांबड्या ठिगळांत हवा होता. सिंधूनं नमुना पाहिला आणि म्हणाली, “हे आम्हाला ठावं हाय की. शिवून कुणाला सांगायचं?” बाई म्हणाल्या, मुंबईला. जाफराबादचे एक गृहस्थ तर थेट आले आणि म्हणाले, मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, पहाटे उठत नाही, त्याला उठवणारी गोधडी करा. जुन्या मोबाइलची थरथरणारी मोटार आत शिवून दिली. महिन्यानं ते परत आले. मुलाला ती थरथर आवडली होती. आता तो दुपारीही झोपायचा.

हे सगळं गमतीचं. ज्याच्यासाठी लिहायला बसले ते वेगळं आहे.

रेवाला पुण्यातल्या एका मोठ्या हॉलमध्ये प्रदर्शन मिळालं. बारा ठिगळांची, भिंत झाकेल एवढी गोधडी, प्रत्येक ठिगळाला एकेका बाईचा आवाज. हे नीट पार पडलं तर तिघींना वर्षभर पुरेल एवढं काम पुढं होतं. फसलं तर त्या परत कापूस वेचायला आणि मी परत पिकोला. रेवानं हे असं बोलून दाखवलं नाही, पण मला ते न बोलता कळतं.

आवाज भरायला ती माझ्या दुकानात बसली. भोकरदन, धावडा, आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बारा बायका गोळा केल्या. रेवाला हव्या होत्या आठवणी. “आजी, मनातलं सांगा,” ती शेवंताबाईला म्हणाली.

“मनातलं सांगितलं तर मला घरी जाता येईल का?”

“मग आईबद्दल सांगा.”

शेवंताबाईनं थोडा विचार केला आणि ज्वारीला टोके, म्हणजे किडे, लागले का हे हात घालून कसं ओळखायचं, ते पाच मिनिटं सांगितलं. चंद्रकला आपल्या सासूच्या हातच्या मिठाबद्दल बोलली आणि थांबेना. सिंधूनं खुडूक कोंबडीला अंड्यांवर कशी बसवायची ते सांगितलं, कोंबडीच्या आवाजासकट. रेवाचे डोळे भरून आले. कशानं, ते मला अजून कळलेलं नाही.

गोधडीची मांडणी सुरू झाली त्या सकाळी शेवंताबाई पहिल्या जीपनं आली होती. मी दुकान उघडलं तर पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसलेली. “भर मी घालते,” म्हणाली. “तुम्ही तिघी चहा घ्या.” एवढी मोठी गोधडी एकटीनं कशी मांडणार, असं मी म्हटलं. “घोड्यावरून उतरून अंधार पडायच्या आत मांडायचो आम्ही,” म्हणाली. आम्ही चहा घेतला. परत आलो तोवर भर घालून वरचा पदर टाचूनही झाला होता. मला वाटलं, काय बाई आहे, कामाला मागं हटत नाही. लोकांना पारखण्याचा माझा अंदाज कायम असाच असतो.

तीन आठवडे शिवलं. शेवटी मी मीटर घेऊन बसले. बारा दोरे, प्रत्येकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बारा शिट्ट्या. पाटी पुण्याला रेवाकडं होती, ती तिथंच जोडायची होती. गोधडी गुंडाळली, संभाजीनगरमार्गे एसटीनं पुण्याला नेली. कंडक्टरनं विचारलं, आत काय आहे. मी सांगितलं, बारा बायका. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

प्रदर्शनाचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी पाच वाजता होतं. सकाळी गोधडी टांगली, पाटी जोडली, आणि रेवानं मोठ्या कौतुकानं शेवंताबाईच्या निळ्या ठिगळावर हात ठेवला.

ज्वारीतले टोके, सासूचं मीठ आणि सिंधूची कोंबडी, तिन्ही एकदम सुरू झालं.

रेवानं हात काढला. सगळं बंद. चंद्रकलेच्या ठिगळाला लावला, पुन्हा तिघी. बाकीची नऊ ठिगळं शहाण्यासारखी एकेक बोलत होती. या तिघी मात्र सकाळी नळाला पाणी आल्यासारख्या एकदम.

मी मीटर काढलं. आता या दोऱ्याच्या टोकाला एक तार लावली आणि त्या दुसऱ्याच दोऱ्याला दुसरी. शिट्टी वाजली. वाजायला नको होती. तिन्ही दोरे आतून कुठंतरी एकमेकांना मिळालेले होते. भोकरदनला मी प्रत्येक दोऱ्यात रस्ता आहे का ते बघितलं होतं. नको तिथं रस्ता झालाय का, ते बघितलंच नव्हतं. नंतर रईसभाईंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “रस्ता देखे, चोररस्ता नइ देखे तुम.” बरोबर बोलले. तपासणीतली ती चूक माझीच होती, दुसऱ्या कोणाची नाही.

गोधडी उतरवून उलटी पसरली आणि बोटांनी चाचपत गेले. कडेपासून वीतभर आत काहीतरी कडक लागलं. पट्टीसारखं. चारपदरी घडी घातलेलं, आणि नेमकं त्या तीन दोऱ्यांच्या खालून गेलेलं. मी चंद्रकलेच्या मोबाइलवर फोन लावला आणि शेवंताबाईला द्यायला सांगितलं.

“मावशी, भरीत काय घातलं?”

“जुनेर.”

“जुनेरातून वीज जात न्हाई.”

“मंग दुसरं काई असंल.”

“कडक पट्टी लागून राह्यली हाताला. लांबच लांब.”

“तुझ्या हाताला लई कळतं.”

मागं चंद्रकलेची शिलाई मशीन चालू होती, ती थांबली.

“आईच्या लुगड्याचा काठ हाय,” शेवंताबाई म्हणाली. “जरीचा.”

जुन्या जरीत खरी धातूची तार असते. तांब्याची, वर चांदीचा मुलामा. पोलादी दोरा घातलेली सुई त्या जरीतून आरपार गेली होती, एकदा नाही, दर टाक्याला.

“तो तिथं कशाला घातला?”

“आमच्यात पेटी कुठं व्हती, मंदा? घोड्यावर बिऱ्हाड. जे जपायचं ते गोधडीत. आईनं तसाच ठिवला, मी तसाच ठिवला. मधलं लुगडं गळून गेलं, काठ राह्यला. आता सुनेनं भांडीवालीशी बोलून ठिवल्तं. काठ देऊन पातेलं घेणार व्हती. तूच म्हणाल्ती, ही गोधडी भिंतीला टांगणार, कुणी पांघरणार न्हाई, कुणी उसवणार न्हाई.”

“आता मला उसवावी लागंल.”



“उसव मंग. पण कापू नको, मंदा. नऊ हात सलग हाय. आईनं कापला न्हाई, लेकीनं मागितला तरी मी वीतभर दिला न्हाई. टाके उसव अन् सरळ ओढून घे. जल्दी करू नको.”

“बरं,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हा साडेबारा वाजले होते. तो काठ सलग बाहेर काढायचा तर त्याच्यावरचे सगळे धावदोरे उसवायला हवे होते, आणि मग परत घालायला. दोन हातांचं दोन दिवसांचं काम. कापून काढायचा तर मागच्या बाजूनं सहा-सात ठिकाणी चिरा द्यायच्या, दोन टाक्यांच्या मध्ये कात्री घालायची, चिमट्यानं तुकडा ओढायचा. चार तास.

रेवा शेजारी उकिडवी बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, “ताई, राहू द्या ना तो आत. तीन बायका एकदम बोलतात, हे खरं तर फार इंटरेस्टिंग आहे.”

“फॉल उलटा लागला तर त्याला इंटरेस्टिंग म्हणता का तुम्ही?”

“लोकांना कळणारही नाही की ही चूक आहे.”

“मला कळतंय.”

या उत्तराचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. बावीस वर्षं उलटे फॉल काढून सरळ लावलेली बाई मी. सदोष माल माझ्या हातून भिंतीला लागणार नव्हता. मी कात्री घेतली.

साडेचारला गोधडी परत टांगली. बारा ठिगळं, बारा आवाज, एकाला हात लावला की एकच. पाच वाजता पाहुणे आले. भाषण झालं, त्यात ‘धागा’ हा शब्द खूप वेळा आला. एका गृहस्थांनी हातात वाटी होती म्हणून कोपरानं ठिगळ दाबलं आणि सिंधूची कोंबडी पूर्ण ऐकली. एका बाईंनी मला विचारलं, पाणी कुठं आहे. मी दाखवलं. सगळं उत्तम पार पडलं, वर्षभराचं काम पक्कं झालं, आणि काठाचे तुकडे माझ्या पर्समध्ये रुमालात बांधलेले होते.

परत आल्यावर मी शेवंताबाईपुढं रुमाल ठेवला. तिनं गाठ सोडली नाही.

“किती?”

“सात.”

मग तिनं गाठ सोडली आणि माझ्या कापायच्या टेबलावर तुकडे ओळीनं लावले. जरीतली वेल बघून कुठला कुठल्यापुढचा ते तिला लगेच कळत होतं. एक तिनं उलटा करून परत ठेवला.

“वेळ न्हवता मावशी.”

“कुणाला? तुला का त्या पोरीला?”

इथं मी खोटं बोलायला हवं होतं. बाईमाणसानं धंदा चालवायचा तर एवढं यायला हवं. “ती तर म्हणाल्ती, राहू द्या आत,” मी म्हणाले.

“मंग?”

“चूक व्हती ती.”

“माझी?”

“गोधडीतली.”

“म्हंजे माझीच,” शेवंताबाई म्हणाली. तुकडे रुमालात बांधले, पिशवीत टाकले आणि चारच्या जीपनं गेली.

मला वाटलं आता येत नाही. दुसऱ्या दिवशी आली. वेळेवर आली, तांदळाएवढे टाके घातले, पण माझ्याशी बोलणं बंद. मी दोन हात अंतरावर बसलेली असायची आणि ती म्हणायची, “चंद्रकले, तुझ्या मालकिणीला सांग, दोरा संपला.” चंद्रकला मला सांगायची, दोरा संपला. मी दोरा चंद्रकलेकडं द्यायची. असं दीड महिना चाललं. आमच्याकडं वीज पोलादी दोऱ्यातून जायची आणि निरोप चंद्रकलेतून.

तेवढ्यात गल्लीत एक गोष्ट पसरली, ती म्हणजे माझ्याकडं साडीची जर खरी का खोटी ते ओळखणारी डबी आहे. हे चंद्रकलेनंच सांगितलं असणार. खऱ्या जरीला मीटर वाजतं. आताच्या बहुतेक साड्यांत जर म्हणून जी येते ती प्लास्टिकची चमकी असते, तिला वाजत नाही. झालं. दुपारच्या वेळी बायका पदराखाली साड्या झाकून यायला लागल्या. कोणाची आईची, कोणाची बस्त्यातली. शिट्टी वाजली की बाई ताठ होऊन जायची. नाही वाजली की म्हणायची, तुमची डबी बिघडली असंल.

शेवटी चंद्रकलेनं स्वतःचा लग्नातला शालू आणला. अठरा वर्षं सासू तिला ऐकवत आली होती, की आम्ही तुला अस्सल जरीत नेसवून आणली, तुझ्या बापानं काय दिलं. मी मीटर लावलं. पदराला लावलं, काठाला लावलं, बुट्टीला लावलं. एक शिट्टी नाही. चंद्रकलेनं शालूची घडी घातली आणि म्हणाली, “ताई, डबी एक दिवस घरी नेऊ का?” मी दिली. दुसऱ्या दिवशी तिनं परत आणली. सासूच्या ट्रंकेतल्या तिन्ही लुगड्यांना वाजली होती म्हणे. पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात तिच्या घरच्या भाजीत मीठ बरोबर होतं.

हे चाललं असताना माझ्या डोक्यात दुसरंच होतं. पुण्याच्या हॉलमध्ये त्या काठावर मीटर लावलं तेव्हा मी आकडा बघितला होता. वीज जितकी सहज पोलादी दोऱ्यातून जाते, त्याहून किती तरी सहज त्या जुन्या जरीतून जात होती. लांबून मागवावा लागणारा तो महागडा दोरा, आणि त्याच्याहून सरस तार शेवंताबाईच्या आईच्या लुगड्यात पडून होती. कापायच्या आधी मला हे दिसलं होतं. घाईत अर्थ लागला नाही. लागला असता तर त्या काठालाच तिन्ही ठिगळांची सामाईक वाट करून बाकीचं वायरिंग फिरवता आलं असतं का? आलं असतं. मी नंतर कागदावर काढून बघितलं. तीन तासांचं काम होतं. कापण्यापेक्षा एक तास कमी.

हे मी तो कागद हातात घेऊन शेवंताबाईला सांगितलं. चंद्रकलेमार्फत नाही, सरळ. तिला आकृतीतलं काही कळलं नाही, पण मी काय कबूल करत होते ते बरोबर कळलं. पुढच्या मोठ्या गोधडीत मुख्य तार म्हणून तो काठ घालू या का, असं मी विचारलं.

दीड महिन्यानं ती माझ्याशी बोलली. “कशाला? आणखी तुकडे पाडायला?”

“न्हाई. भिंतीवर राहील. सून न्हाई, भांडीवाली न्हाई. अन् या वेळी आत काय हाय ते मला ठावं असंल.”

चार दिवसांनी तिनं अटी सांगितल्या. तुकडे ती स्वतः जोडणार. ती काम करत असताना माझी कात्री दुकानात दिसायची नाही, रईसभाईंच्या काउंटरवर ठेवायची. काठावरचं ठिगळ तिचं असणार आणि त्यावर आवाजही तिचाच. ती काय बोलणार ते मी आधी विचारायचं नाही.

सगळ्या अटी मान्य केल्या. कात्री रईसभाईंकडं दिली. ते म्हणाले, “क्या हुआ बाजी, किसी का कत्ल?” मी म्हटलं, झाला, आता पुढचा टाळायचाय.

शेवंताबाईनं सात तुकडे एकावर एक बोटभर चढवून पोलादी दोऱ्यानं जोडले. वेलीला वेल मिळवून. आठ दिवस लागले. मी मीटर लावलं, नऊ हातांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकसलग शिट्टी.

“बघा मावशी,” मी म्हटलं, “अखंड हाय.”

“ते तुझ्या डबीला सांग,” ती म्हणाली. “मला नको सांगू.”

आवाज भरायला रेवा आली तेव्हा मला दुकानातून बाहेर काढण्यात आलं. माझ्या दुकानातून. मी रईसभाईंच्या स्टुलावर बसून चहा घेतला. रेवा बाहेर आली ती हसू दाबत, आणि मला म्हणाली, “ताई, सॉरी.”

ऐकलं ते पुढच्या प्रदर्शनात. गोधडी टांगायला आणि तपासायला मीच जाते. या वेळी सगळं तपासलं, रस्ते आणि चोररस्ते, प्रत्येक दोरा प्रत्येक दोऱ्याशी. मग शेवंताबाईच्या ठिगळावर हात ठेवला.

“ही मंदा,” गोधडी म्हणाली. “भोकरदनला दुकान हाय हिचं. हिला म्हणलं व्हतं, कापू नको. बरं म्हणाली. अन् कापला. नऊ हात सलग व्हता, माझ्या आईचा. आता सात तुकडे हायेत. मीच जोडले. चांगले जोडले. पण जोडले.”

ठिगळाशेजारी भिंतीवर रेवानं एक इंग्रजी कार्ड लावलं आहे. त्यावर काय लिहिलंय, मी विचारलं. ती म्हणाली, परंपरेचं तुटणं आणि पुन्हा जुळणं याबद्दल आहे. मी म्हटलं, माझ्याबद्दल आहे.

ती गोधडी आतापर्यंत पाच-सहा शहरांत लागली आहे. बाकीच्या ठिगळांची तक्रार कधीमधी येते, दोरा उसवतो, जोड ढिला होतो. त्या ठिगळाची एकदाही आली नाही. जुनी जर, शेवंताबाईचा टाका आणि माझं वायरिंग. ते बंद पडणार नाही. मी परत आले की ती तेवढंच विचारते, मान वर न करता.

“वाजतं का?”

“वाजतं, मावशी.”

“लोक ऐकत्यात?”

“रांग लावून.”

“बरं,” ती म्हणते, आणि सुईत दोरा ओवते.